किनाऱ्याचा खर्च कोणी सोसायचा?
(सुवर्णमहोत्सवी समारंभात, नानाखेडा येथील सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समारंभाच्या दिवशी वक्त्याने गोड बोलावे, संस्थेचा गौरव करावा आणि जेवणाची पाने मांडली जाण्याच्या आत खाली बसावे, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी पुरेसा केला आहे. मला विश्वस्तांनी जो विषय दिला तो थोडा खारट आहे, तेव्हा प्रथमच आपली क्षमा मागतो.

विषय निघाला तो एका पत्रावरून. आपल्या सभासदांपैकी एका कुटुंबाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकाठी आहे. त्या गावची पुळण दरवर्षी वाहून जाते, माडांच्या रांगा एकेक करून पडतात. गावकऱ्यांनी आपल्या न्यासाला लिहिले की, महोत्सवी निधीतून आम्हांस दगडी बांधासाठी काही मदत करावी. पत्र बैठकीत वाचले गेले तेव्हा दोन तट पडले. काहींना वाटले, मूळ गावाची हाक आहे, रिकामा हात कसा दाखवावा? दुसऱ्यांनी विचारले, आपला निधी उज्जैनच्या माणसांसाठी जमा झालेला, त्यातला पैसा चारपाचशे कोसांवरच्या समुद्रात का टाकावा? समुद्राचे काम सरकारचे आहे. मी आयुष्याची बत्तीस वर्षे कोकणात एका सरकारी खात्यात बांधबंधाऱ्यांच्या कामावर काढली आणि निवृत्तीनंतर थोरल्या मुलीच्या आधाराने इथे नानाखेड्यात येऊन राहिलो. म्हणून विश्वस्तांनी मला सांगितले, "तुम्हीच काय ते समजावून सांगा." माझी समजूत जेवढी आहे तेवढी मांडतो.

आरंभी माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका गावात आगोटीच्या उधाणाने समुद्र घरांच्या पायरीपर्यंत आला. वर्तमानपत्रात बातमी आली, वरून तारा सुटल्या, आणि एरवी दोन-दोन वर्षे हलत नाही ते एस्टिमेट आठ दिवसांत मंजूर झाले. मी तरुण होतो, उत्साही होतो. खाणीतून काळा दगड आणवला, रात्रंदिवस गाड्या खाली केल्या आणि दहा-बारा घरांपुढे भक्कम बांध उभा केला. गावाने माझा सत्कार केला. नारळ, शाल, सगळे काही.

दोन पावसाळे गेले. बांध जिथे संपत होता त्याच्या पलीकडे एक वाडी होती. पूर्वी तिला कधी समुद्राचे भय नव्हते. तिची पुळण आता भराभर खचू लागली. तिसऱ्या वर्षी त्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या पडवीखालची जमीन गेली. मी पाहणीला गेलो तेव्हा ती रडली नाही, की रागावलीही नाही. तिने एवढेच म्हटले, "साहेब, तुम्ही शेजाऱ्याचं दार लावून दिलंत, म्हणून तो आमच्या दारी आला." मी तिला पावसाची, भरतीची, वाऱ्याची कारणे सांगितली. ती सगळी पुस्तकात होती. पण ती बरोबर होती आणि मी चूक होतो, हे मला त्याच रात्री कळले होते. कागदावर ते लिहायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

असे का होते ते थोडक्यात सांगतो. आपण नदीकाठची माणसे. वाळू म्हटली की ती तळाशी पडून असते अशी आपली समजूत. समुद्रकाठची वाळू अशी बसून राहत नाही, ती नेहमी प्रवासात असते. पावसाळ्यात मोठ्या लाटा पुळण ओरबाडून आत नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचे उंचवटे करून ठेवतात. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून किनाऱ्यावर घालतात. शिवाय लाटा तिरप्या आल्या तर वाळू किनाऱ्याच्या कडेने एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते. नद्या डोंगरातून नवी रेती आणतात, खाडीच्या मुखाशी सोडतात आणि समुद्र ती पुढे वाटतो. घरच्या जमाखर्चासारखाच हा हिशेब आहे. जमा आणि खर्च सारखे असले तर किनारा राहतो. जमा आटली, किंवा मध्येच कोणी रक्कम अडवून धरली, की पुढच्या गावाच्या खात्यात तूट येते. तिलाच आपण धूप म्हणतो.

दगडी बांधाने घर वाचते, हे खरे. परंतु बांध वाळू निर्माण करीत नाही. उलट लाट त्याच्यावर आपटून मागे फिरते आणि पायथ्याची वाळू घेऊन जाते. बांधापुढची पुळण नाहीशी होते, होड्या ओढून ठेवायला जागा उरत नाही, आणि बांधाच्या टोकाला शेजाऱ्याची जमीन खचू लागते. मद्रासचे बंदर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधले गेले तेव्हा त्याच्या भिंतींनी वाळूची वाट अडवली. दक्षिणेच्या बाजूस मरीनाची प्रचंड चौपाटी वाढत गेली. उत्तरेस रायपुरमची कोळीवस्ती मात्र समुद्र खात राहिला. सहल करणाऱ्या माणसाला मरीना दिसते, रायपुरम दिसत नाही. पुदुच्चेरीत १९८० नंतरच्या दशकात बंदर झाले आणि शहरापुढची सुंदर पुळण गेली. तेव्हा शहराने दगड टाकले, आणि धूप आणखी उत्तरेला सरकून तामिळनाडूच्या कोळी गावांत शिरली. माझ्या त्या लहान गावात जे झाले तेच मोठ्या प्रमाणावर तिथे झाले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. हा खर्च कोणी सोसायचा?

"ज्याचे घर त्याचा खर्च," असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या कोळ्याने, ज्या भंडाऱ्याने बंदर बांधले नाही, नदीवर धरण घातले नाही, खाडीतली रेती पंपाने उपसून शहरात विकली नाही, त्याच्या अंगणातली वाळू मात्र नाहीशी झाली. बंदर सर्वांच्या व्यापारासाठी, धरण सर्वांच्या शेतीसाठी, रेती सर्वांच्या घरांसाठी. लाभ सर्वांचा आणि तूट एकाची, हा कुठल्या धर्मशास्त्रातला न्याय? म्हणून मी सरकारी पैशाला किनाऱ्यावरच्या माणसावरची दया म्हणत नाही. त्यातला पुष्कळसा भाग आपण त्याला देणे लागतो.

कोणी म्हणेल, आम्ही उज्जैनकर. आम्ही ना बंदर बांधले, ना समुद्र पाहिला. आमचा काय संबंध?

मंडळी, २०१६ च्या सिंहस्थात आपण रामघाटावर कोणत्या पाण्यात स्नान केले ते आठवा. शिप्रा उन्हाळ्यात आटते हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तिला पाणी मिळावे म्हणून नर्मदा-शिप्रा जोडयोजना आखली गेली. २०१२ साली तिचा पाया घातला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये पाणी आले. ओंकारेश्वर प्रकल्पातले पाणी ४७ किलोमीटरच्या नळांतून, सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवून, शिप्रेच्या उगमाशी आणून सोडले. खर्च सुमारे ४३२ कोटी रुपये. हा पैसा एकट्या उज्जैनच्या कराचा नव्हता. झाबुआच्या, बालाघाटच्या, रेव्याच्या माणसाचाही त्यात वाटा होता. त्यांनी जर म्हटले असते, शिप्रा आटली तर उज्जैनने पाहावे, आमचा काय संबंध, तर आपल्या घाटावर काय उरले असते? आणि ज्या नर्मदेचे पाणी आपण असे घेतले ती भरूचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. तिच्यावरची धरणे पाण्याबरोबर गाळ आणि रेतीही अडवून धरतात. कोकणच्या पुळणीशी नर्मदेच्या रेतीचा संबंध नाही, हे मी मान्य करतो. परंतु न्याय तोच आहे. वरच्याने घेतले म्हणजे खालच्याला कमी पडते, आणि घेणाऱ्याने ते विसरू नये.

अजून एक जुनी आठवण देतो. महाकालेश्वराचे आजचे देऊळ ज्यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभे केले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर मूळचे कोकणातले. समुद्राकडच्या माणसाने शिप्रेकाठचे देऊळ उभारताना हे माझे गाव नव्हे असे म्हटले नाही. तेव्हा कोकणातून एक पत्र आले म्हणून आपण दचकून जाण्याचे कारण नाही.

देशाच्या तिजोरीतून या कामासाठी काय मिळते, तेही पाहू. किनाऱ्याच्या धुपेचा प्रश्न काही नवा नाही. केंद्र सरकारने १९६६ सालीच त्यासाठी एक मंडळ नेमले. आरंभी त्याचे लक्ष मुख्यतः केरळावर होते. १९७१ मध्ये सर्व सागरी राज्ये त्यात आली, आणि १९९५ पासून किनारा संरक्षणाची सल्लागार समिती ते काम पाहू लागली. लाटांच्या प्रतिकृती करून बांध आणि बंदरे तपासण्याचे काम पुण्याजवळ खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात होते. ते केंद्र १९१६ सालचे आहे. म्हणजे ज्ञान नाही असे म्हणता येणार नाही.

राष्ट्रीय किनारपट्टी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहांची चित्रे ताडून पाहिली. देशाच्या मुख्य भूमीच्या सुमारे ६,९०० किलोमीटर किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के किनारा खचत होता, २६.९ टक्के वाढत होता आणि उरलेला स्थिर होता. महाराष्ट्रात सुमारे ७४० किलोमीटरची मोजणी झाली आणि चौथा हिस्सा खचणारा आढळला. पश्चिम बंगालात तर निम्म्याहून जास्त. हे आकडे वाचताना केवळ खचणाऱ्या भागाकडे पाहू नका. जो भाग वाढतो आहे तोही आपल्याला काही सांगतो. वाळू जगातून नाहीशी होत नाही. ती एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी अडकते.

आता पैसा. चक्रीवादळ, पूर, भूकंप, त्सुनामी, दुष्काळ अशा बारा आपत्तींची एक केंद्रीय यादी चालत आली. त्यांपैकी काही घडले की आपत्ती निधीतून मदत मिळे. पंधराव्या वित्त आयोगापुढे प्रश्न आला तेव्हाही किनाऱ्याची धूप त्या बारांत नव्हती. कारण उघड आहे. वादळ एका दिवसात घर पाडते, धूप त्याच घराला वीस वर्षे घेते. जे सावकाश मरते त्याचा पंचनामा होत नाही. केरळने मात्र २०१७ मध्ये धुपेला आपल्या राज्यापुरती आपत्ती ठरवले, आणि राज्याच्या आपत्ती निधीतून दहा टक्क्यांपर्यंत रक्कम अशा राज्यविशेष आपत्तींसाठी वापरता येते त्याचा आधार घेतला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांकरिता प्रथमच वेगळी शिफारस केली. नद्यांची व समुद्राची धूप थोपवण्यासाठी १,५०० कोटी रुपये, आणि धुपेने बेघर झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी. पाऊल स्वागतार्ह होते. पण क्षणभर तुलना करा. आपल्या एका शिप्रेत पाणी आणायला ४३२ कोटी, आणि ब्रह्मपुत्रेपासून कोकणापर्यंत सगळ्या देशाच्या काठांची धूप थोपवायला पाच वर्षांत १,५०० कोटी. आपल्याला जास्त मिळाले अशी माझी तक्रार नाही. मिळाले त्याची जाणीव असावी, एवढेच.

परंतु पैसा कमी आहे एवढेच सांगून मी थांबलो तर ती अर्धी गोष्ट होईल. मी तिजोरीच्या दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस. पैसा कमी पडतो त्यापेक्षा तो अवेळी येतो आणि चुकीच्या वस्तूवर जातो, हे मी अधिक पाहिले. रक्कम मंजूर होते मार्चअखेरीस. ठेका निघेपर्यंत मे उजाडतो. जूनमध्ये आगोट. मग समुद्र खवळलेला असताना घाईने दगड टाकायचे. मेजरमेंट बुकात दगडाचे टन अचूक लिहिले जातात, त्यावर सह्या होतात, बिल निघते. श्रावणात त्यातला बराच दगड वाळूत रुतलेला असतो. माझ्या बत्तीस वर्षांत मी दगड किती मोजला याचा हिशेब नाही, पण वाळू किती गेली आणि किती आली ती मोजण्यासाठी मला कोणी एक रुपया दिला नाही. आणि मीही तो हट्टाने मागितला नाही, हे कबूल केले पाहिजे. रत्नागिरीजवळच्या मिऱ्यावर आपल्यापैकी जे गेले असतील त्यांना ठाऊक असेल, तिथे वर्षानुवर्षे बांध पडतो आणि बांधला जातो. मिऱ्याचे नाव २०१० साली आशियाई विकास बँकेच्या कर्जाने आखलेल्या किनारा संरक्षण योजनेतही घातले गेले होते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात एक भले मोठे जहाज भरकटत येऊन त्याच मिऱ्याच्या काठाला लागले. ते पाहायला लोक लांबून येत. बांधाच्या पायथ्याची वाळू गेलेली पाहायला कोण येणार?

हॉलंड देशाचे उदाहरण पुष्कळजण देतात, मीही देतो, पण निराळ्या कारणासाठी. १९५३ च्या फेब्रुवारीत तिथे समुद्र फुटून १,८३६ माणसे मेली. त्यांनी प्रचंड बांध घातले हे सर्वांना माहीत आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे १९९० चे धोरण. किनाऱ्याची त्या वर्षीची रेषा त्यांनी प्रमाण मानली. दरवर्षी किनारा मोजायचा, आणि रेषा मागे सरकू लागली की खोल समुद्रातली वाळू आणून तिथे घालायची. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून ते वर्षाला सरासरी १ कोटी २० लाख घनमीटर वाळू अशी घालत आले. वाळू पुन्हा वाहून जाणार हे त्यांना माहीत असते. तरीही घालतात, जसे आपण दरवर्षी पावसाआधी कौले शाकारतो. कौले शाकारली म्हणून कोणी उद्घाटन करीत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा शाकारावी लागली म्हणून कोणी पैसा फुकट गेला असे म्हणत नाही. पुदुच्चेरीतही पुढे असाच विचार झाला. चेन्नईच्या सागरी तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये पाण्याखाली पोलादी उंचवटा बसवला, बंदराच्या मुखाशी साठलेली वाळू किनाऱ्यावर घातली, आणि गेलेली पुळण शहरापुढे काही अंशी परत आली.

अमेरिकेची रीतही एका बाबतीत घेण्यासारखी आहे. तिथे किनाऱ्यावर वाळू भरण्यासाठी केंद्राचा पैसा मिळतो, पण तो किनारा सर्वांना खुला असला तर. कोणाच्या खासगी बंगल्यापुढचा बंद किनारा असेल तर खर्च त्याचा त्याने करावा. आपल्याकडे हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला पाहिजे. पुळणीचा सातबारा कोणाच्या नावावर नाही. तिथे जाळी सुकतात, मुले खेळतात, गणपती विसर्जित होतात, गावचे प्रेत त्या वाटेने जाते. सार्वजनिक पैशाने ती राखायची असेल तर तिथे कोण्या उपाहारगृहाने कुंपण घालता कामा नये.

आपल्या कोकणात ही समज पूर्वी नव्हती असे नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यात खाऱ्या पाण्यातून शेते काढली तेव्हा बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराकडे असे, आणि त्यासाठी शेतकरी बिघ्यामागे मणभर भात त्याला देत. त्याला शिलोत्री मणच म्हणत. त्यातले शहाणपण पाहा. बांध फुटल्यावर वर्गणी काढायची नाही. पीक घरात आले की दरवर्षी मणभर बाजूला, बांध धड असला तरी. ज्यांचे शेत बांधाला लागून त्यांनीही द्यायचे आणि ज्यांचे आत दूर त्यांनीही द्यायचे. कारण बांध फुटला तर खारे पाणी आतल्याला सोडीत नाही.

माझे सारे म्हणणे या मणभर भातात आले. किनारा राखण्याचा पैसा सर्वांनी मिळून द्यावा, दरवर्षी द्यावा, संकटाच्या आधी द्यावा, आणि त्याचा हिशेब दगडाच्या टनांत न ठेवता किनारा किती राहिला यात ठेवावा.

आणि हेही स्पष्ट सांगतो की प्रत्येक किनारा राखता येणार नाही. समुद्राची पातळी चढते आहे. काही वाड्या उठवाव्या लागतील. ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यातले सातभाया गाव समुद्राने गिळले आणि पाचशेहून अधिक कुटुंबांना आत बागपटिया येथे वसवावे लागले. घर हलवायला दिलेला पैसा म्हणजे पराभव, असे मी मानीत नाही. घराबरोबर उपजीविका हलत नाही ही खरी अडचण आहे, आणि तिच्यासाठी पैसा द्यायला आपण सारेच कचरतो. भिंत दिसते, तिला पाटी लावता येते. एका कोळ्याच्या मुलाची तीन वर्षांची फी भरली तर पाटी कुठे लावणार?

इथे मला आपल्या संस्थेविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात. आपल्या सभागृहात संगमरवरी पाट्या किती आहेत ते मी काल मोजले. सत्तावीस आहेत. सगळ्या दात्यांना माझे वंदन. परंतु गच्ची गेली चार वर्षे गळते, आणि तिच्या दुरुस्तीसाठी वर्गणी मागायला गेलो की लोक विचारतात, नवीन काही करत असाल तर सांगा. सरकारची रीत आणि आपली रीत यांत मग फरक काय राहिला? गच्चीच्या दुरुस्तीवर नाव कोरता येत नाही, आणि पुळणीच्या वाळूवरही येत नाही. म्हणून दोन्हींना पैसा मिळत नाही.

तेव्हा त्या पत्राला काय उत्तर द्यावे? मला विचारलेत म्हणून सांगतो, निर्णय विश्वस्तांचा.

दगडासाठी पैसा देऊ नये. आपण देऊ त्या रकमेत पाच-पन्नास हात बांध होईल आणि कदाचित पलीकडच्या वाडीचे नुकसान होईल. ते पाप मी एकदा केले आहे, संस्थेच्या हातून पुन्हा घडू नये. बांध हवा की वाळू हवी, की वस्ती हलवायला हवी, हे संबंध किनारा तपासून ठरवण्याचे काम सरकारचे आहे, आणि ते सरकारकडून करून घेतले पाहिजे.

परंतु रिकाम्या हातानेही उत्तर पाठवू नये. दोन गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. एक, त्या गावात ज्यांची घरे गेली त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च काही वर्षे आपण उचलावा. दुसरी, गावच्या शाळेला किनारा मोजायला मदत करावी. त्याला मोठे यंत्र लागत नाही. खुणा केलेल्या दोन काठ्या, एक दोरी, एक वही, आणि पुळणीच्या वरच्या अंगाला न हलणारी एक पक्की खूण. समोर क्षितिज आहेच. काठ्यांवरून नजर लावून उतार पावलापावलाने मोजता येतो. दर महिन्याला ओहोटीच्या वेळी तीच जागा, तीच रेषा. मुले हसतखेळत करतील. पाच वर्षांची अशी वही गावकऱ्यांच्या हाती असली तर त्यांना अधिकाऱ्यापुढे रडत जावे लागणार नाही. ते वही पुढे ठेवतील आणि म्हणतील, पाहा, आमची पुळण इतकी गेली, पावसानंतर इतकी परत आली आणि इतकी आली नाही. माझ्यापुढे त्या काळी अशी वही कोणी ठेवली असती तर मी तो बांध तसा घातला नसता, असे मला आजही वाटते.

आणि तिसरी गोष्ट आपल्या घरची. या महोत्सवात जमणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतले काही रुपये केवळ देखभालीसाठी, कोणाच्या नावाशिवाय, कायमचे बाजूला काढण्याचा ठराव करावा. आपलाही एक शिलोत्री मण असावा. २०२८ च्या सिंहस्थासाठी आपल्या शहरात पैशाचा मोठा ओघ येतो आहे, घाट वाढत आहेत, रस्ते रुंद होत आहेत. त्या ओघात आपण नागरिकांनी एक प्रश्न विचारायला हवा: हे पुढची बारा वर्षे राखणार कोण आणि कशाच्या बळावर? जो समाज आपली गच्ची राखतो त्यालाच हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

त्या म्हाताऱ्या बाईचे पुढे काय झाले असे काल एका मुलाने मला विचारले. ती मुलाकडे मुंबईला गेली आणि तिकडेच वारली, असे ऐकले. तिची पडवी होती तिथे आता भरतीला कमरेएवढे पाणी असते. तिला मी त्या दिवशी जे उत्तर द्यायला हवे होते ते आज आपल्यापुढे दिले. उशीर झाला, पण निदान आपल्या हातून उशीर होऊ नये.

 जेवणाची वेळ टळली आहे, तिचा दोष माझा. आपल्या न्यासाचे पुढील पन्नास वर्षांचे कार्य श्रीमहाकाल तडीस नेवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.